वाढदिवस गडावर
पुण्यात असाल तर यंदा मुलाचा वाढदिवस सिंहगडावर करा. निमंत्रणात नुसतं ‘भेटवस्तू नको’ लिहिलं तर लोक संकोचतात आणि काहीतरी आणतातच. त्यापेक्षा ‘येताना एक कोडं किंवा गोष्ट आणा’ असं लिहा. मित्र चार-पाचच बोलवा. गडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून सकाळी ७च्या आत चढायला लागा, मुलांच्या पावलांनी २ तास धरा. तानाजी मालुसऱ्यांची १६७०ची लढाई चढताना सांगा, म्हणजे वर समाधीपाशी मुलं आपसूक गप्प होतात. मग पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही आणि तिथेच औक्षण. वारा फार असतो, निरांजनासाठी आडोसा शोधा. मुसळधार पावसात मात्र जाऊ नका, पायवाट निसरडी होते.