सकाळच्या दोन तासांत परसबागेचं काय काय उरकावं

एप्रिलमध्ये सांगलीत दहा वाजता गच्चीवर अनवाणी उभं राहवत नाही. कुंडीतल्या मुळांचीही तीच गत होते, म्हणून साडेसहा ते साडेआठ हीच बागेची वेळ. मात्र उठल्या उठल्या पाइप हातात घेऊ नका, पाणी सगळ्यात शेवटी.

१. आधी नुसती फेरी मारा. दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी सावरतं, त्याची काळजी नको. पहाटेही मलूल दिसलं तर एक तर माती कोरडी आहे, नाहीतर मुळं कुजताहेत. दोन पेरं बोट मातीत घाला. ओलं लागलं तर पाणी थांबवा आणि कुंडीचं भोक तुंबलंय का बघा. पानं उलटून मावा, पिठ्या ढेकूण शोधा. गोगलगायी यावेळी बाहेर असतात. वेचून साबणाच्या पाण्यात टाका. उन्हं वर आली की त्या कुंड्यांखाली दडतात.

२. मग परागीभवन. "फळ धरतं, पिवळं पडतं, गळून जातं" ही गच्चीवरच्या वेलांची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा खत नाही, मधमाशी कमी पडलेली असते. लाल भोपळा, काकडी, कारलं यांची फुलं सकाळी उमलतात. सरळ देठाचं ते नर फूल, मागे इवलंसं फळ असतं ते मादी. नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एका नरात दोन-तीन माद्या होतात. नऊच्या आत उरका, फुलं कोरडी असताना. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी फुलतात, त्यांच्यासाठी सकाळी खटपट नको.

३. मेथी, कोथिंबीर, पालक आत्ताच खुडा. रात्रभरात पानं पाण्याने भरलेली असतात, लवकर सुकत नाहीत. घेवड्याला दव वाळेपर्यंत हात लावू नका. ओल्या पानांवरून रोग हाताबरोबर पुढच्या वेलावर जातो.

४. आता पाणी. बारा इंची कुंडीला उन्हाळ्यात साधारण दीड ते दोन लिटर, बुडाशी, पानांवर नाही. संध्याकाळी पानं भिजली की रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. डावणी या पानांवरच्या रोगाने काय होतं ते तासगावच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. निव्वळ काळी माती भरलेली कुंडी सुकली की कडेने फटी पडतात आणि पाणी त्यातून थेट खाली जातं. खालून पाणी आलं म्हणजे पोट भरलं, असं समजू नका. खुरप्याने वरचा थर मोकळा करा, अर्धं पाणी घाला, दहा मिनिटांनी उरलेलं. वर उसाच्या पाचटाचा दोन इंच थर द्या, खोडापासून चार बोटं सोडून. पाचटाला आपल्याकडे तोटा नाही, तरी लोक ते पेटवतात!

बोअरचं पाणी असेल आणि कुंडीवर पांढरी खर दिसत असेल तर महिन्यातून एकदा गोड पाणी भरपूर घालून क्षार खाली धुऊन काढा.

जाताना कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करा. डेंग्यूचा डास सकाळीही चावतो, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा शर्ट बरा.

कडुनिंब तेलाची फवारणी तेवढी सकाळी नको: मधमाश्या फुलांवर असतात, शिवाय उन्हात त्याचा असर लवकर उतरतो. लिटरभर पाण्यात ५ मिली तेल आणि १ मिली द्रव साबण घालून ती ऊन उतरल्यावर करा, पण अंधार पडण्याआधी पानं वाळतील इतक्या लवकर.