मुलुंडला सर, गिरगावात घाम: मुंबईच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

मे महिन्यातली संध्याकाळ, साडेपाचची वेळ. मुलुंडला आमच्या गच्चीवर सासूबाईंच्या कुरडया वाळत होत्या. दिवसभर झाडाचं पान हललं नव्हतं. अचानक ठाण्याच्या बाजूने गार वारा सुटला, कुरडयांखालचा प्लास्टिकचा कागद फडफडला आणि मातीचा वास आला. सासूबाई जिन्यातूनच ओरडल्या, "अगं, आधी उचल सगळं, आलाच तो!" कागदाची चारही टोकं धरून मी जिन्यात पोचेपर्यंत टपोरे थेंब सुरू झाले होते. वीस मिनिटं धो धो कोसळला. मी उत्साहाने गिरगावात आईला फोन लावला, तर ती म्हणाली, "कसला पाऊस गं? इथे आभाळसुद्धा नाही. पंख्याखाली बसून घाम निथळतोय."

तीसेक किलोमीटरवरची ही दोन घरं मी दरवर्षी बघते. लोक उन्हाळ्यात ज्या चुका करतात, त्यातल्या बऱ्याचशा आपल्या खिडकीबाहेर जे दिसतं त्यावरून साऱ्या मुंबईचा हिशेब मांडल्यामुळे होतात.

आपल्याकडे पडला म्हणजे मुंबईत पडला

वळवाचा ढग चार-पाच किलोमीटर रुंदीचाही असू शकतो. दुपारभर तापलेल्या सह्याद्रीवर हवा वर चढते, तिला समुद्राकडची ओल मिळते आणि घाटमाथ्यावर ढग उभे राहतात. वरच्या थरातले वारे पूर्वेकडचे असले की ते किनाऱ्याकडे सरकतात. म्हणून कर्जत, बदलापूर, कल्याण, ठाणे हे पट्टे आधी भिजतात. पुढे समुद्रावरून येणाऱ्या तुलनेने थंड हवेत ढगांचा जोर पुष्कळदा ओसरतो, आणि दादर-गिरगावच्या लोकांना पूर्वेला लांबवर विजा चमकताना तेवढ्या दिसतात.

वेधशाळेचा अंदाज चुकला, असं आपण किती पटकन म्हणतो. अंदाजात 'तुरळक ठिकाणी' असे शब्द असतात. त्यांचा अर्थच असा की बहुतेक ठिकाणी पडणार नाही. मुंबईचा आकडाही एक नसतो, कुलाब्याचा वेगळा आणि सांताक्रूझचा वेगळा. 26 जुलै 2005 चा पाऊस वळवाचा नव्हता, भर पावसाळ्यातला होता. तरीही त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर नोंदले गेले आणि कुलाब्याला अवघे 73. आणखी एक गोष्ट घोळ घालते. वेधशाळेचे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात, त्यामुळे काल संध्याकाळची सर आजच्या तारखेच्या आकड्यात दिसते.

मग बघायचं काय? सकाळचा जिल्ह्याचा इशारा वाचा, पण बाहेर पडण्याआधी पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा आणि रडारचं चित्र पाहा. कुलाब्याला आणि जोगेश्वरीजवळ वेरावलीला डॉप्लर रडार, म्हणजे ढगातला पाऊस आणि त्याची हालचाल टिपणारी यंत्रं, आहेत. चित्रातला डाग कल्याणकडून तुमच्याकडे सरकतोय की जागच्या जागी विरतोय, हे दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोनदा बघितलं की कळतं. विजेसाठी पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आहे, ते फोनमध्ये असू द्या.

गार वारा सुटला की झाडाखाली किंवा फलकाखाली थांबणं

ही चूक जिवावर बेतते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वळवाच्या ढगातली थंड, जड हवा आधी खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चौफेर पसरते. गच्चीवर आला तो गार वारा हाच. पाऊस त्याच्या मागून येतो, कधी येतही नाही, पण वाऱ्याचा पहिला तडाखा मात्र जोरदार असतो. 13 मे 2024 ला दुपारी मुंबईत असंच धुळीचं वादळ आलं. घाटकोपरच्या छेडा नगरजवळ 120 बाय 120 फुटांचा जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि 17 जणांचा जीव गेला. पावसापासून आडोसा म्हणून काही जण तिथेच थांबले होते.

गारवा आला, पूर्वेला आकाश पिवळट-करडं झालं, की आडोशासाठी पक्की इमारत किंवा स्टेशनची इमारत गाठा. जुनं झाड, फलक, पत्र्याचं छप्पर, बांधकामाची परांची, यांच्याखाली अजिबात थांबू नका. गच्चीवरचे कपडे आणि वाळवण गडगडाट ऐकू येण्याआधी उचला. एकदा गडगडलं की भिजू द्या, पण वर जाऊ नका. वीज दिसल्यावर तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. चौपाटीवर असाल तर ताबडतोब निघा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उघड्यावर जाऊ नका.

पारा 34 वरच आहे, मग काय काळजी

नागपूरचे नातेवाईक 44 अंश सांगतात आणि आपण आपल्या 34 अंशांना उन्हाळा म्हणायला संकोचतो. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करण्याचा निकष असा, की कमाल तापमान किमान 37 अंश हवं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं. मुंबईत असे दिवस मेपेक्षा मार्च-एप्रिलमध्ये जास्त येतात, कारण तेव्हा पूर्वेकडचा कोरडा वारा जोरात असतो आणि समुद्राचा वारा दुपारपर्यंत आत शिरत नाही. मेमध्ये असे टोकाचे दिवस कमी होतात, दमटपणा मात्र चढतो. अंगावर घाम येतो पण सुकत नाही, आणि शरीर थंड होण्याचा तोच तर मार्ग आहे. लाट जाहीर झाली नाही म्हणून उष्माघात होत नाही, असं समजू नका. नवी मुंबईत खारघरला 16 एप्रिल 2023 ला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर 14 जणांचा मृत्यू झाला.

याच गैरसमजातून दरवर्षी कितीतरी घरांत कूलर येतो. आईनेही घेतला होता. पहिल्या दिवशी बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी चादरी ओलसर, भिंतीला वास आणि घामोळ्या. पाण्याची वाफ होताना हवा थंड होते, हे कूलरचं तत्त्व. नागपूरच्या कोरड्या हवेत तो तापमान दहा-पंधरा अंशांनी सहज उतरवतो. मुंबईत 34 अंश आणि सत्तर टक्के आर्द्रता असताना चार-पाच अंशांच्या पुढे जात नाही, वर खोलीतली ओल वाढवतो. कूलर घेतलाच असेल तर त्यात पाणी न भरता नुसता पंखा म्हणून लावा, समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि अंगाला पाणी लावून वाऱ्यात बसा.

आणि सर पडून गेल्यावर सुटलो असं समजू नका. वारा पडतो, ऊन परत येतं, तापलेल्या डांबरावरून वाफ उठते आणि उकाडा आधीपेक्षा जास्त जाणवतो. आमच्या वयस्कर मंडळींना त्रास होतो तो याच तासाभरात.

पाणी पिताना नुसतं पाणी ढोसत राहू नका, ताक, पन्हं, कोकम सरबत यांतून मीठ जाऊ द्या. क्षारसंजीवनीची (ओआरएसची) मोठी पुडी एक लिटर पाण्यात एकदमच कालवायची असते, अर्धी आज आणि अर्धी उद्या असं नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, चालताना तोल गेला, तर 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

वळवाला मान्सून समजणं

मुंबईत मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. 2023 मध्ये तो 25 जूनला आला, त्याच दिवशी दिल्लीतही पोचला. 2025 मध्ये 26 मेलाच हजर. एवढी तफावत असल्यावर दोन सरींवरून काही ठरवता येत नाही. गच्चीची गळती बंद करणं, पन्हाळी साफ करणं ही कामं मेच्या मध्यापर्यंत उरकून घ्या. पण पहिली सर आली म्हणून माठ आणि पंखे आवरायला घेऊ नका, मध्ये आठ-दहा दिवस कोरडे जाऊ शकतात. या कोरड्या दिवसांतच कुंड्यांच्या ताटल्यांत, ताडपत्रीच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून टाका.

पाऊस झाला, आता पाणीकपात जाईल

मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं. त्यातले विहार आणि तुळशी शहरात आहेत, पण साठ्यातला त्यांचा वाटा अगदी लहान. भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणा शहरापासून लांब, सह्याद्रीच्या पायथ्याला आणि घाटात. एकट्या भातसात जवळजवळ निम्मा साठा मावतो. परळला गुडघाभर पाणी साचलं तरी भातसात थेंब पडलेला नसू शकतो. आणि पडला तरी महिनोन् महिने तापलेली जमीन पहिल्या सरी स्वतःच पिऊन टाकते, ती भिजल्यावर ओढे वाहू लागतात. 2024 मध्ये पालिकेने 30 मेपासून पाच टक्के आणि 5 जूनपासून दहा टक्के कपात लावली होती, आणि पावसाळा सुरू झाल्यावरही ती बरेच दिवस चालू राहिली.

पालिका रोज सकाळी सहा वाजता मोजलेला तलावांचा साठा जाहीर करते, तेवढा एक आकडा बघत जा. आईने आता तो कागदावर लिहून पिंपाच्या वर भिंतीला लावायला सुरुवात केली आहे. मुलुंडहून माझा फोन गेला की ती आधी विचारते, "तुझ्याकडे पडला ते ठीक, भातसाला पडला का?"