कॉन्फरन्स-विस्ताराची बातमी कशी वाचावी

अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाने जुनी कॉन्फरन्स (म्हणजे आपसांत सामने खेळणारा विद्यापीठांचा गट) सोडून नवी धरली, की बातम्यांमध्ये परंपरा, निष्ठा आणि भवितव्य यांविषयी बरेच बोलले जाते. त्या शब्दांच्या मागे बहुतेक वेळा एकच जुना वाद असतो. ज्यांचे नाव फुटबॉलवर चालते ती विद्यापीठे आणि ज्यांचे बास्केटबॉलवर चालते ती विद्यापीठे एकाच छपराखाली राहतात, पण विस्तारातून त्यांना हव्या असलेल्या गोष्टी वेगळ्या असतात. (येथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल.) अशी बातमी उलगडताना पैसा, सदस्य आणि मते याच क्रमाने तपास करावा.

आधी पैसा कोणत्या वाटेने येतो ते पाहावे. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन फुटबॉलच्या दूरचित्रवाणी हक्कांवरील एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची मक्तेदारी मोडली आणि ते हक्क विकण्याची सूत्रे हळूहळू कॉन्फरन्सच्या हाती आली. आज फुटबॉलच्या प्लेऑफचा (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीचा) पैसाही एनसीएएच्या तिजोरीत न जाता कॉन्फरन्सकडे जातो. बास्केटबॉलचे तसे नाही. मार्चमध्ये होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेचे हक्क एनसीएए स्वतः विकते, सध्याचा करार 2032 पर्यंत आहे, आणि त्या उत्पन्नाचा एक भाग संघांनी खेळलेल्या सामन्यांच्या हिशेबाने ‘युनिट’च्या रूपात कॉन्फरन्सना सहा वर्षांत वाटला जातो. म्हणजे बास्केटबॉलचा सर्वांत मोठा सोहळा सर्वांचा सामायिक, तर फुटबॉलची कमाई ज्याची त्याची. प्रक्षेपण करार करताना वाहिन्या प्रामुख्याने फुटबॉलकडे पाहतात याचे मूळ येथे आहे, आणि बास्केटबॉलमधील दिग्गजांनाही वाटाघाटीच्या टेबलावर दुय्यम खुर्ची मिळते ती याचमुळे. कॅन्सससारख्या बास्केटबॉलच्या मातब्बर घराण्याचे भवितव्य 2010 मध्ये, त्याची कॉन्फरन्स बिग 12 फुटण्याच्या बेतात असताना, अधांतरी लटकले होते. त्याच्या अनेक दशकांच्या विजयांना त्या क्षणी फारसा बाजारभाव नव्हता.

त्यानंतर सदस्यांची वर्गवारी करावी. वरच्या श्रेणीत फुटबॉल न खेळणारी विद्यापीठे एका बाजूला, फुटबॉल हाच ज्यांचा कणा आहे ती दुसऱ्या बाजूला आणि दोन्ही दगडांवर पाय असलेली मधोमध ठेवावीत. नोत्र दामसाठी स्वतंत्र कप्पा लागतो, कारण 2013 पासून त्याचे बहुतेक खेळ एसीसीमध्ये (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) असले तरी फुटबॉल मात्र स्वतंत्रच आहे.

या वर्गवारीचा उपयोग किती होतो, हे बिग ईस्टचा इतिहास वाचताना कळते, म्हणून तेथे थोडे थांबावे. प्रॉव्हिडन्स कॉलेजचे क्रीडा संचालक डेव्ह गॅव्हिट यांच्या पुढाकाराने 1979 मध्ये ही कॉन्फरन्स बास्केटबॉलसाठीच उभी राहिली, आणि 1985 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चौघांत तिचे तीन संघ होते. पेन स्टेटने 1982 मध्ये प्रवेश मागितला तेव्हा तो एका मताने नाकारला गेला. माझ्या मते पुढच्या तीस वर्षांच्या भांडणाचे बीज त्या मतदानात आहे, कारण पूर्वेकडील फुटबॉलला एकत्र बांधू शकणारे विद्यापीठ तेथे हातचे गेले आणि अखेरीस बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सला मिळाले. 1991 मध्ये मायामीला घेऊन बिग ईस्टने फुटबॉल सुरू केले, पण बास्केटबॉलवाले सदस्य तसेच राहिले, आणि एका घरात दोन चुली पेटल्या. मायामी आणि व्हर्जिनिया टेक 2004 मध्ये, तर बॉस्टन कॉलेज 2005 मध्ये एसीसीत गेले. ती पोकळी भरण्यासाठी लुईव्हिल, सिनसिनाटी आणि साउथ फ्लोरिडा यांच्याबरोबर मार्केट आणि डीपॉल हेही आले. पुढे सिरॅक्यूज आणि पिट्सबर्गनेही तीच वाट धरली, तेव्हा डिसेंबर 2012 मध्ये डीपॉल, जॉर्जटाउन, मार्केट, प्रॉव्हिडन्स, सेंट जॉन्स, सीटन हॉल आणि व्हिलानोव्हा या सात कॅथलिक विद्यापीठांनी वेगळे होण्याचा निर्णय जाहीर केला. तडजोडीत त्यांनी ‘बिग ईस्ट’ हे नाव आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील स्पर्धा राखली. संचित पैशांचा मोठा भाग मागे राहिलेल्यांना मिळाला आणि ती मंडळी अमेरिकन अॅथलेटिक कॉन्फरन्स या नावाने पुढे गेली. सौदा कोणाला लाभला हे निकालांवरून तपासता येते. व्हिलानोव्हाने 2016 आणि 2018 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मागे राहिलेले कनेक्टिकट 2020 मध्ये बास्केटबॉलसाठी परत आले, फुटबॉल त्याने स्वतंत्र ठेवले, आणि 2023 व 2024 ची विजेतेपदे पटकावली.

तिसरी पायरी मतांची, आणि चूक बहुधा येथेच होते. ‘फुटबॉलवाले विस्ताराच्या बाजूचे, बास्केटबॉलवाले विरोधातले’ असे सूत्र मनाशी धरून मतदान वाचू नये. 2003 मध्ये ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना यांनी एसीसीच्या विस्ताराला विरोध केला तेव्हा ते सूत्र जुळत होते. सदस्य वाढले की प्रत्येक संघाशी घरी आणि बाहेर असे दोन सामने खेळण्याची तेथील जुनी पद्धत टिकणार नव्हती, आणि ती खरोखरच टिकली नाही. मात्र 2023 मध्ये स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया आणि एसएमयू (सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी) यांना एसीसीत घेण्याचा ठराव 12 विरुद्ध 3 असा झाला, तेव्हा विरोधात फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन ही फुटबॉलची विद्यापीठे होती, तिसरे मत नॉर्थ कॅरोलायनाचे होते आणि ड्यूक मात्र बाजूने होते. म्हणून प्रत्येक मतामागे त्या विद्यापीठाचा स्वतःचा हिशेब शोधावा: आलेला नवा सदस्य वाट्याची रक्कम वाढवतो की वाटेकरी वाढवतो? एसएमयूने नऊ वर्षे कॉन्फरन्सच्या प्रक्षेपण उत्पन्नातील वाटा न घेण्याची तयारी दाखवली होती, ती नेमकी हाच आक्षेप बोथट करण्यासाठी.

हा क्रम एकदा हाती बसला की अनपेक्षित वाटणारी पावलेही उलगडतात. गोंझागाकडे फुटबॉलचा संघच नाही, तरीही ऑक्टोबर 2024 मध्ये त्याचा पॅक-12 मधील प्रवेश जाहीर झाला. दहा सदस्य गमावून नव्याने उभ्या राहणाऱ्या त्या कॉन्फरन्सला युनिट मिळवून देणारा संघ हवा होता, आणि गोंझागाला फुटबॉलचा खर्च न उचलता वरच्या वर्तुळात जागा हवी होती.