सॅटेलाईट इमेजच्या कामात यायचंय? आधी डेटाचा प्रवास समजून घ्या

भूगोल, सिव्हिल, ॲग्री, कॉम्प्युटर, कुठल्याही बाजूनं या लाईनीत यायला बघणारी पोरं मला पहिला प्रश्न विचारतात तो सॉफ्टवेअरचा. नकाशे करायचं क्यूजीआयएस शिकू का आर्कजीआयएस, पायथन लागतंच का वगैरे. लागतं, सगळं लागतं, पण ते बसून केलं की जमतं. त्याआधी इमेज येते कुठून आणि आपल्या हातात पडेपर्यंत तिच्यावर काय काय झालेलं असतं हे ज्याला कळतं तोच इथं टिकतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मी भूगोलात एमएस्सी कोल्हापुरातच केली, मग काही वर्षं हैदराबादला प्रोजेक्टवर होतो, आता परत इथंच ऊस आणि पूर या दोन विषयांचे नकाशे करून देतो, त्यामुळं जे लिहितोय ते रोजच्या कामातलं आहे.

आपल्या देशाचं मोठं रिसिव्हिंग स्टेशन हैदराबादजवळ शादनगरला, एनआरएससीचं, म्हणजे इस्रोच्या नॅशनल रिमोट सेन्सिंग सेंटरचं. रिसोर्ससॅटसारखा जमीन-पिकं बघणारा आपला उपग्रह ध्रुवाकडून ध्रुवाकडं फिरतो, सकाळी साडेदहाच्या सुमारास आपल्यावरनं जातो, आणि एका फेरीत अँटेनाला दिसतो जेमतेम दहाबारा मिनिटं, तेवढ्यात डेटा खाली उतरवायचा. खाली येतं ते चित्र नसतंच, नुसता आकड्यांचा प्रवाह. मग तो ओळीत लावायचा, सेन्सरमधल्या डिटेक्टरांचा कमीजास्तपणा काढायचा (नाहीतर इमेजवर उभे पट्टे दिसतात), उपग्रह त्या क्षणी कुठं होता आणि किती कलला होता ते हिशोबात घेऊन प्रत्येक पिक्सेल जमिनीवर बसवायचा. गगनबावडा, पन्हाळा असला डोंगरी भाग असेल तर उंचीचं मॉडेल वापरून ऑर्थो करावं लागतं, म्हणजे उंचीमुळं सरकलेली जागा दुरुस्त करावी लागते, ते नसेल तर डोंगरावरचा रस्ता भलतीकडंच सरकलेला दिसतो. लेव्हल झिरो, लेव्हल वन, लेव्हल टू म्हणतात ते हेच टप्पे, आणि डाउनलोड करताना कुठली लेव्हल घेतली हे माहीत नसेल तर पुढचं सगळं विश्लेषण हवेत.

एक उदाहरण देतो. सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाचा डेटा फुकट मिळतो, १० मीटरचा (एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १० मीटर), उसासाठी सगळे वापरतात. त्यात एल१सी म्हणजे वातावरणाच्या वर दिसलेला प्रकाश आणि एल२ए म्हणजे वातावरणाचा परिणाम काढून जमिनीवरचा. पिकासाठी एल२ए घ्या. पण २५ जानेवारी २०२२ पासून प्रोसेसिंगची पद्धत बदलली आणि पिक्सेलच्या आकड्यात १००० ची भर पडली, म्हणजे आता आधी १००० वजा करायचे आणि मग १०००० नं भागायचं, तेव्हा किती प्रकाश परत आला त्याचं प्रमाण मिळतं. हे न करता २०२१ चा ऊस आणि २०२३ चा ऊस शेजारी ठेवला की एनडीव्हीआय (पिकाच्या हिरवेपणाचा आकडा) घसरलेला दिसतो, आणि शेतात तर पीक जोमात असतं! जुना डेटाही नंतर परत प्रोसेस झालाय, म्हणून तारखेवर विसंबू नका, मेटाडेटा फाईल (इमेजसोबत येणारी तिची माहिती) उघडून बेसलाईन नंबर, म्हणजे प्रोसेसिंगची आवृत्ती, आणि ऑफसेट, म्हणजे ती १००० ची भर, बघा. मेटाडेटा वाचायची सवय ही या कामातली सगळ्यात मोठी शिदोरी.

आता पूर. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं ढगांमुळं ऑप्टिकल इमेज बहुतेक वाया जाते, तिथं रडार लागतं, युरोपचा सेंटिनेल-१ किंवा इस्रोचा ईओएस-०४, जो फेब्रुवारी २०२२ मध्ये अवकाशात गेला. शांत पाणी रडारमध्ये काळं दिसतं, म्हणून नवशिक्याला वाटतं काळं तेवढं रंगवलं की नकाशा झाला. तसं नसतं. रंकाळा तलाव आणि नदीचं नेहमीचं पात्र मे महिन्याच्या इमेजवरनं वजा करा, डोंगराची रडार-सावलीही काळीच दिसते ती उताराच्या नकाशावरनं काढा. आणि शिरोळकडं उंच उसात पाणी शिरलेलं असतं ना, ते या सी-बँड, म्हणजे आखूड लाटेच्या रडारला नीट दिसत नाही, लाट पाल्यावरनंच परत येते, म्हणून नकाशात पाणी प्रत्यक्षापेक्षा कमी येतं. हे नकाशावर लिहून द्यायला लाजायचं नाही, कारण त्या नकाशावर पंचनामे ठरू शकतात, कुणाचं तरी वर्षाचं पीक त्यात असतं. ३० जुलै २०२५ ला अवकाशात गेलेल्या निसार उपग्रहामध्ये लांब लाटेचं एल-बँड रडार आहे, ते पाल्याच्या आत जातं, आपल्या ऊसपट्ट्यासाठी मला त्याच्याकडून लई आशा आहे.

आणि तयार नकाशांचं वाटप. हा भाग कुठल्या अभ्यासक्रमात धड शिकवत नाहीत. तलाठ्याला दीड जीबीचा जिओटिफ (जागेच्या माहितीसकट इमेजची फाईल) देऊन काय करणार तो? त्याला पाहिजे गट नंबर टाकलेलं ए४ पीडीएफ, मोबाईलवर उघडणारं, आणि झेरॉक्स काढल्यावरही पाणी कुठंय ते कळणारं, म्हणून मी निळ्या रंगावर तिरप्या रेघाही मारतो. कोपऱ्यात इमेजची तारीख-वेळ आणि त्यावेळी पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर होतं तेही टाकतो, कारण ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे इथं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, त्यावरनं माणसाला नकाशा लगेच कळतो. कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याला नकाशापेक्षा गटवार एक्सेल प्यारं. पाटबंधारेच्या इंजिनिअरला शेपफाईल (नकाशातल्या सीमा-रेषांची फाईल), आणि ती यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीच्या झोन ४३ मध्ये, कारण कोल्हापूर त्यातच येतं. आधी विचारा की घेऊन करणार काय, मग फॉरमॅट ठरवा.

शिकायला पैसे लागत नाहीत फारसे. देहरादूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या प्रशिक्षण संस्थेचे ऑनलाईन कोर्स फुकट आहेत, सर्टिफिकेट मिळतं. आपल्या उपग्रहांचा डेटा एनआरएससीच्या भूनिधी वेबसाईटवर, सेंटिनेलचा युरोपच्या कोपर्निकसवर, अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा साठा तर २००८ पासून फुकट. गेट या प्रवेश परीक्षेला जिओमॅटिक्सचा (मोजणी-नकाशाशास्त्राचा) पेपर २०२२ पासून आहे. नागपूरच्या एमआरसॅक या राज्य सरकारच्या रिमोट सेन्सिंग केंद्राच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, सुरुवातीच्या जागा बऱ्याचदा कंत्राटी असतात हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

मुलाखतीला जाताना सर्टिफिकेटांची फाईल असूदे, पण सोबत ऑगस्ट २०१९ च्या पुराचा तुमच्या तालुक्याचा एक नकाशा स्वतः करून न्या, आणि खाली चार ओळीत लिहा की इमेज कुठली, लेव्हल कुठली, काय दुरुस्त केलं आणि कुठला भाग खात्रीचा नाही. समोरचा जाणकार असेल तर पुढचे सगळे प्रश्न त्या चार ओळींवरच येतात.