द लाँग डार्कचा डाव पाचशे दिवस रंगता कसा ठेवायचा

द लाँग डार्क हा बर्फाळ रानात एकट्याने तग धरायचा संगणकावरचा खेळ. पन्नासाव्या दिवसाच्या आसपास त्यातला डाव मरतो. खेळाडू जिवंत असतो, ठणठणीत असतो. खेळातल्या मिस्ट्री लेक प्रदेशातल्या कॅम्प ऑफिसात सरपणाची चळत असते, मांस असतं, पाणी असतं. रोज उठायचं, मासे धरायचे, बर्फ वितळवायचा, झोपायचं. आठवडाभरात माणूस खेळ बंद करतो आणि म्हणतो, यात आता काही उरलं नाही. उरलेलं भरपूर असतं. सगळा माल एकाच घरात रचून ठेवल्यामुळे बाहेर पडायचं कारण तेवढं संपलेलं असतं.

सांगलीशेजारी हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची पद्धत माहीत असेल. सगळा माल एका कोठारात न कोंबता अनेक पेवांत ठेवायचा. लांब डावासाठी नेमकं हेच करायचं असतं, म्हणून पुढे आम्ही 'पेव' हाच शब्द वापरतो.

आधी अवघडपणाची पातळी ठरवा. पिलग्रिम या सगळ्यांत सोप्या पातळीवर प्राणी आपणहून अंगावर येत नाहीत, त्यामुळे वाटा शिकायला ती बरी, पण लांब डाव तिथे पन्नास दिवसही रंगत नाही. व्हॉयेजरवर एक डाव खेळून हात बसवा आणि मोठा डाव स्टॉकरवर मांडा. त्याहून अवघड इंटरलोपरवर बंदूक नाही, तयार सुरी-कुऱ्हाडही नाही. जड हातोडा शोधून भट्टीवर स्वतः घडवावी लागते. पहिल्याच महिन्यात तिकडे गेलात तर चार-पाच वेळा मराल आणि खेळावर राग काढाल. मेलं की डावाची नोंद पुसली जाते, हा या खेळाचा मूळ नियम आहे.

आता पेवं. मुख्य घरापासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर एक, पुढे तेवढ्याच अंतरावर दुसरं, असं करत शेजारच्या प्रदेशापर्यंत जा. प्रत्येक पेवात १० काड्या, ५ किलो लाकूड, ३ लिटर उकळलेलं पाणी, दोन डबे खाणं, दोन पट्ट्या, जंतुनाशकाची एक बाटली आणि कपडे सांधायला थोड्या चिंध्या. डबेच ठेवा, कारण ते बरेच दिवस टिकतात. मांस ठेवायचंच असेल तर घराबाहेर बर्फात टाका. घरात ते लवकर खराब होतं.

बेताचं वजन म्हणजे ३० किलो. बहुतेकजण २९ किलो घेऊन निघतात आणि वाटेत हरीण मिळालं की रडतात. निघताना अंगावर १८-२० किलोच असू द्या. एका हरणातून आठ-दहा किलो मांस निघतं, ती जागा मोकळी हवी. सलग ७२ तास पोट रिकामं होऊ दिलं नाही तर 'वेल फेड'चा लाभ मिळतो आणि ५ किलो जास्त उचलता येतं. दिवसभर उपाशी राहून झोपेआधी थोडंसं खायची जुनी युक्ती काही जण अजून सांगतात. त्यात अन्न वाचतं खरं, पण हे ५ किलो गमावता. लांब डावात ते परवडत नाही.

कातडी कमावणं हा या खेळाचा आत्मा आहे आणि डाव रंगता ठेवण्याची खरी किल्लीही तिथेच आहे. आतडं आणि हरणाचं कातडं वाळायला ५ दिवस लागतात, लांडग्याच्या कातड्याला ७, अस्वलाच्या कातड्याला १२. ते घरातच, जमिनीवर टाकलेलं हवं. पेटीत ठेवलं किंवा पाठीवर वागवलं तर वाळत नाही. महिनाभर कातडी पिशवीत घेऊन फिरणारे आणि 'खेळात दोष आहे' म्हणणारे दर वेळी भेटतात. तुम्ही काय करायचं? जिथे शिकार झाली, त्याच्या जवळच्या पेवात कातडं टाकायचं आणि वहीत लिहायचं: 'दिवस ६४, कोस्टल हायवे, मच्छीमाराची झोपडी, लांडगा, दिवस ७१ ला.' चार पेवांत चार कातडी पडली की पुढच्या पंधरा दिवसांचा प्रवास आपोआप आखला जातो. लांडग्याच्या कोटाला चार कातडी लागतात, अस्वलाच्या अंथरुणाला दोन. ते एकाच ठिकाणी जमवायच्या भानगडीत पडू नका.

काड्यांचा हिशेब दर दहा दिवसांनी मांडा. ६० काड्या आणि रोज एक म्हणजे दोनच महिने. शिवाय आग पेटली नाही तरी काडी जातेच. म्हणून आकाश स्वच्छ असेल तेव्हा भिंगाने पेटवा. ते झिजत नाही, फक्त ऊन हवं आणि उघड्यावर हवं. आग विझायच्या आत तिच्यातून टेंभा ओढून घ्या आणि पुढच्या गुहेत त्यानेच दुसरी आग लावा. वारा असला की टेंभा विझतो, हे ध्यानात ठेवून वाट दरीच्या आडोशाने काढा. आग पेटवण्याचं कौशल्य तिसऱ्या पायरीला पोचलं की पेट धरायला वाळका पाला-कागद लागत नाही, म्हणून त्या विषयाचं पुस्तक सापडलं तर जाळू नका, आधी वाचा. एका आगीत जास्तीत जास्त १२ तासांचं सरपण भरता येतं. दगडी कोळसा मात्र आग चांगली धगधगल्यावरच घेते. भट्टीवर लोखंड घडवायचं तर १५० अंशांची धग लागते, तेव्हा कोळसा त्यासाठी राखून ठेवा.

घरात फार काळ बसलात तर 'केबिन फीव्हर' जडतो आणि घरात झोपताच येत नाही. हा त्रास नव्हे, सोय समजा. आठवड्यातून दोन रात्री गुहेत काढायचा नेम ठेवला तर तो फिरकतही नाही. लांडगा-अस्वलाचं मांस स्वयंपाकाची पाचवी पायरी गाठेपर्यंत टाळा. पोटात जंत झाले तर उपचार दहा दिवस चालतो आणि ठरवलेला सगळा प्रवास कोसळतो.

धुकं आणि हिमवादळ यांना वेगळं जपावं लागतं. जुलैत साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे गेलेल्यांना ठाऊक आहे: चार हातांपलीकडचं दिसेनासं झालं की रस्त्याची कड सोडायची नाही. खेळात ती कड म्हणजे रेल्वेचे रूळ, विजेच्या तारा किंवा नदीचा काठ. होकायंत्र नाही. कड सुटली तर फिरत बसू नका, जवळच्या कपारीत आग पेटवून थांबा.

शंभरी ओलांडल्यावर मोठी कामं काढा, एका वेळी एकच. विझलेल्या आगीतला कोळसा उचलून एका प्रदेशाचा पूर्ण नकाशा रेखाटणं. टिंबरवुल्फ माउंटनच्या शिखरावर जाऊन परत येणं. डेसोलेशन पॉइंटच्या भट्टीवर बाणांची टोकं घडवणं. आणि आमच्या मते सगळ्यांत सुंदर: हश्ड रिव्हर व्हॅलीत वीस दिवस. तिथे घर नाही, फक्त गुहा. कातडी वाळवायला जागा शोधणं हाच तिथला खेळ होतो. पेट्यांमधला माल पुन्हा भरत नाही, किनाऱ्यावर वाहून येतं ते मात्र येत राहतं, म्हणून कोस्टल हायवेवर एक पेव कायम ठेवा.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. खेळ नोंद करतो ती दारातून आत-बाहेर जाताना आणि झोपून उठल्यावर. म्हणून ढग दाटले की लांबच्या वाटेवर असताना मध्ये एखादं घर लागलं तर आत जाऊन बाहेर या. बॅटरी धड नसलेल्या लॅपटॉपला छोटा यूपीएस लावणं उत्तम.

जुन्या संगणकावर हा खेळ चालत नसेल तर अनरिअल वर्ल्ड घ्या. लोहयुगातल्या फिनलंडवरचा, १९९२ पासूनचा, आणि अजून त्यात भर पडते आहे. दोघं-तिघं मित्र असाल तर डोंट स्टार्व्ह टुगेदर. तिथे पहिला हिवाळा २१ व्या दिवशी लागतो, त्याआधी प्रत्येकाकडे उष्णतेचा दगड हवा. तो बनवायला दहा साधे दगड, तीन गारगोट्या आणि एक कुदळ लागते.

डाव संपला तर वहीत एका ओळीत कारण लिहा: 'दिवस १८३, पातळ बर्फ, ओझं ३४ किलो.' दोन दिवस खेळ उघडू नका. नवा डाव त्याच प्रदेशातून काढू नका. प्लेझंट व्हॅलीतून सुरू करा, तिथली पहिली दोन पेवं कुठे घालायची ते आधी कागदावर काढा, आणि मगच पहिलं पाऊल टाका.