ओटीपोटात दुखतंय? या चुका टाळा

धाकट्या भावाचं पोट दुपारी बेंबीभोवती दुखायला लागलं, तेव्हा आईनं ओवा-मीठ दिलं. आदल्या रात्री तो सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत बरंच काही खाऊन आला होता, तेच बाधलं असं सगळ्यांनी धरलं. संध्याकाळी शेजारच्या मावशी आल्या, "बेंबी सरकलीय" म्हणाल्या आणि तेल लावून पोट चोळलं. रात्री दुखणं उजवीकडे खाली उतरलं, कणकण आली, एक उलटी झाली. पहाटे एकाएकी आराम पडला आणि आम्ही निर्धास्त झोपलो. आराम पडला तो अपेंडिक्स फुटल्यामुळे. दुपारपर्यंत पोट लाकडासारखं कडक झालं होतं. लहानसं ऑपरेशन मोठं झालं. आम्ही सगळे त्याच्या उशाशी होतो, तरी समोर काय घडतंय ते कुणालाच ओळखता आलं नाही.

म्हणून पहिली चूक हीच: बेंबीखालचं प्रत्येक दुखणं गॅसच्या नावावर टाकणं. गॅसचं किंवा मुरड्याचं दुखणं जागा बदलतं, वारा सरला किंवा शौचाला झालं की हलकं होतं. जे दुखणं एका जागी ठाण मांडतं आणि तासागणिक वाढतं, ते वेगळं. अपेंडिक्समध्ये बहुतेकदा भूक आधी मरते, दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजव्या जांघेच्या वर येऊन थांबतं. माणूस हलायला बघत नाही. रिक्षा खड्ड्यात आदळली की कळवळतो, खोकताना पोट धरतो. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांच्यात मात्र ही लक्षणं इतकी स्पष्ट दिसत नाहीत, तिथे जास्त सावध राहा.

कारण कळलेलं नसताना पोट चोळू नका, जुलाब होण्याचं औषध किंवा एनिमा देऊ नका. आतलं सुजलेलं अपेंडिक्स त्यानं फुटू शकतं. मेडिकलमधून पोटदुखीची गोळी आणून एकदा घेतली तर आभाळ कोसळत नाही. पण गोळीचा असर उतरला की दुसरी, मग तिसरी, असं करत रात्र काढणं घातक आहे. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडालाही त्रास देतात.

आता आपल्या सोलापूरचं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. यंत्रमागावर उभं राहणारे घामानं भिजतात, पण पाणी पीत नाहीत. विड्या वळणाऱ्या बायका हातातलं काम सुटू नये म्हणून लघवी दाबून बसतात. मग लघवीला जळजळ होते, थेंब थेंब होते, ओटीपोटात ठणकतं. आपण "उन्हाळी लागली" म्हणतो आणि धने-जिऱ्याचं पाणी पितो. प्यावं, त्यात वाईट काही नाही. पण दोन दिवसांत उतार पडला नाही तर लघवीची तपासणी करा. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या घेऊन संपवू नका, त्यानं जंतू दबतात, जात नाहीत. थंडी वाजून ताप आणि कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचल्याची खूण. गरोदर बाईनं तर एक दिवसही थांबू नये.

मुतखड्याची कळ पाठीतून निघून जांघेकडे उतरते आणि माणसाला एका जागी बसू देत नाही. बारीक खडे बरेचदा आपसूक पडतात. पण खडा आणि ताप एकत्र आले, किंवा लघवी बंद झाली, तर पाणी पीत वाट बघण्याची वेळ संपली.

बायकांच्या बाबतीत "पाळीचं असेल" हे वाक्य फार महाग पडतं, आणि ते बहुतेकदा घरातल्या दुसऱ्या बाईच्याच तोंडून येतं. पाळी चुकली आहे, एका बाजूला दुखतंय, थोडं रक्त अंगावरून जातंय, चक्कर येतेय किंवा खांद्याच्या टोकाला दुखतंय, तर गर्भ नळीत राहिल्याची शंका घ्या. तांबी बसवलेली असो की मुलं बंद करायचं ऑपरेशन झालेलं असो, तरीही हे क्वचित घडतं. आत रक्तस्राव होतो, बाहेर फारसं दिसत नाही. अंडाशयाला पीळ पडला तर अचानक जीवघेणी कळ आणि उलट्या होतात. दर महिन्याला गोळीशिवाय उठवत नाही इतकं दुखत असेल तर तेही सोसायचं नसतं, एंडोमेट्रिओसिससारखी (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) कारणं त्यामागे असू शकतात. पांढरं जाणं, वास आणि तापासह दुखणं म्हणजे गर्भाशय-नळ्यांचा संसर्ग असू शकतो.

मुलगे लाजतात. पोटात दुखतंय एवढंच सांगतात, खरं दुखणं अंडकोषात असतं. त्याला पीळ पडला असेल तर तो वाचवायला साधारण 6 तास हातात असतात. म्हणून बापानं किंवा थोरल्या भावानं सरळ विचारावं. अंतर्गळाची (हर्नियाची) गाठ आत जात नाही आणि दुखते, किंवा आजोबांना दिवसभर लघवी न होऊन पोट फुगलंय, तरी तेच: लगेच निघायचं.

ताठलेलं पोट, थांबत नसलेल्या उलट्या, उलटीत किंवा शौचात रक्त, शौच आणि वारा दोन्ही बंद, भोवळ, गरोदरपणातलं कुठलंही जोराचं दुखणं, यातलं एकही असेल तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. सिव्हिल हॉस्पिटलचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो, 108 ची गाडी मोफत येते. ताप-उलटी नसलेलं साधं दुखणंही दिवसभरात ओसरलं नाही तर आपल्या डॉक्टरांना दाखवा. निघताना रुग्णाला भाकरी-चहा देऊ नका, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. दुखणं किती वाजता, कुठे सुरू झालं, कुठे सरकलं, शेवटची पाळी कधीची, हे चिठ्ठीवर लिहून ठेवा. दवाखान्यात घाबरलेल्या माणसाला ते आठवत नाही.