वेल्सचा वारसाकलह वंशावळीवरून कसा वाचावा

वारणेच्या १७३१ च्या तहाने भाऊबंदांतील राज्यविभागणी पाहिलेल्या कोल्हापूरच्या वाचकाने वेल्समधील प्रथम ग्विनेद हे एकच राज्य निवडावे आणि कागदावर लिवेलिन अब इओरवेर्थ (मृत्यू १२४०) याच्याखाली ग्रिफिद व दाविद हे पुत्र मांडावेत. नावातील ‘अब’ किंवा ‘आप’ म्हणजे ‘चा मुलगा’, त्यामुळे निम्मी वंशावळ नावातच सापडते. थोरला ग्रिफिद विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला असला, तरी वेल्श रूढीने त्याचा हक्क बुडत नव्हता. बापाने मात्र इंग्लंडच्या जॉन राजाचा नातू असलेल्या दाविदला वारस नेमले. ग्रिफिद १२४४ मध्ये लंडनच्या किल्ल्यातून निसटताना पडून मेला. दाविद १२४६ मध्ये निपुत्रिक वारल्यावर ग्रिफिदचे मुलगे लिहावेत आणि १२५५ च्या ब्रिन डेर्विनच्या लढाईपाशी, जिथे ग्रिफिदच्या लिवेलिन या मुलाने (आजोबाच्याच नावाच्या) सख्ख्या भावांना हरवले, ठळक खूण करावी.